गॅलरीतील हिमवर्षाव

विजेच्या शोभेच्या दिव्यांविषयी आमचे मत घरात सर्वांस ठाऊक आहे. दिवाळीत तेलाच्या पणत्या आणि कामट्यांचा आकाशकंदील, याहून अधिक रोषणाई गृहस्थाच्या घरास शोभत नाही, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आणि घरची मंडळी ते मुकाट्याने ऐकून घेत आली. त्यामुळे २०२४ सालच्या दिवाळीपूर्वी आमचा पुतण्या लोहार चाळीतून पिशवी भरून जे घेऊन आला, ते पाहून आमच्या कपाळास आठ्या पडल्या यात नवल नाही.

मुलुंडहून गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, महात्मा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, मागे टाकावे, की जवळच ही लोहार चाळ लागते. दिवाळीच्या सुमारास तेथे दिव्यांच्या माळांखालून वाकून चालावे लागते. चिरंजिवांनी तेथून फूटफूट लांबीच्या आठ पारदर्शक नळ्या आणल्या होत्या. एकाच वायरीवरून त्या ओळीने लोंबत. बटण दाबले की प्रत्येक नळीच्या शेंड्याशी एक पांढरा ठिपका उजळे, खाली घसरत येई आणि टोकाशी विझून जाई. दुकानदार त्यास 'स्नोफॉल' म्हणतात.

"काका, अगदी बर्फ पडल्यासारखं वाटतं की नाही?"

मुलुंडात बर्फ! सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले मुंबईचे नीचांकी तापमानसुद्धा ७.४ अंश आहे, आणि तेही १९६२ च्या जानेवारीतले. आमच्या लहानपणी बर्फासारखे पांढरे असे काही दिसत असेल, तर ते पूर्वेकडच्या मिठागरांतील मिठाचे ढीग. त्या ढिगांना आम्ही मुले हिमालय म्हणत असू, हे मात्र आम्ही त्या वेळी पुतण्यास सांगितले नाही.

विरोध करावयाचा तर वस्तूची माहिती असावी, म्हणून एक नळी आम्ही डोळ्यांजवळ धरून पाहिली. आत एका अरुंद पट्टीवर अठरा चिमुकले दिवे ओळीने बसविलेले होते. त्यांपैकी एकही जागचा हालत नाही. पहिला मंदावतो तोच दुसरा लागतो, त्यामागून तिसरा. पट्टीवरील एक लहानसा नियंत्रक हा क्रम सांभाळतो. पडणे असे काही घडतच नाही, ते पाहणाऱ्याच्या मनात घडते. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने या भासावरील आपला प्रबंध १९१२ साली प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी दादासाहेब फाळके यांनी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' दाखविला. स्थिर चित्रांस चालते करणारी किमयाही याच जातीची. दिव्यांचा पांढरेपणासुद्धा सरळ नाही. मुळात प्रकाश निळा असतो आणि त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. त्या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इतके सारे कळूनही आमचे मत बदलले नाही. उलट, ज्यात पडणेही खोटे आणि पांढरेपणही उसने, ते दारात कशास टांगावे, असा एक नवा मुद्दा आमच्या हाती आला.

येथे आमच्या मातोश्रींविषयी सांगणे प्राप्त आहे. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दृष्टिपटलाचा जो मध्यभाग, ज्यास डॉक्टर मॅक्युला म्हणतात, त्याची दोन्ही डोळ्यांत झीज झाली असून गेलेली दृष्टी परत येणार नाही, असे आम्हांस सांगण्यात आले आहे. ज्याकडे पाहावे तेच नाहीसे होते; कडेचे तेवढे धूसर दिसते. नातवंडांस त्या आवाजावरून ओळखतात. आदल्या वर्षी पणती लावताना त्यांचे बोट भाजले. तेव्हापासून काडेपेटी त्यांच्या हाती द्यावयाची नाही, असे आम्ही ठरविले. त्यांनी वाद घातला नाही. फक्त त्या दिवसापासून सांजवेळी गॅलरीत येऊन बसणे त्यांनी सोडले. पणत्यांचा एवढा आग्रह धरणाऱ्या आम्हांस, त्या पणत्या जिच्या हातच्या तिलाच आता दिसत नाहीत, ही गोष्ट कशी सुचली नाही, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही घरी नसताना मुलांनी नळ्या टांगल्या. आम्ही परतलो तो मातोश्री गॅलरीच्या उंबऱ्यापाशी उभ्या. मान एका बाजूस वळविलेली, जणू दुसरीकडेच कोठे पाहत आहेत.

"पागोळ्या लागल्यात का रे? दिवाळीत पाऊस?"

कोणी काही बोलण्यापूर्वी त्यांनी कठड्याबाहेर हात पसरला. क्षणभर तसाच धरला. मग तळहात पदरास पुसला. तो कोरडाच होता.

पुतण्याने त्यांस खुर्चीवर बसविले आणि सारे समजावून सांगितले. डोळ्याची कड बारीक गोष्टी टिपत नाही, परंतु हालचाल मात्र तीस चटकन कळते, हे आम्हांस पुढे डॉक्टरांकडून समजले. मातोश्रींस त्याचे कारण नको होते. त्या राजापूरकडील माहेरच्या कौलारू घराविषयी बोलू लागल्या. आषाढात कंदिलाच्या उजेडात पडवीच्या कडेने पागोळ्या अशाच चमकत, आणि त्यांखाली हात धरला म्हणून त्यांच्या आईने त्यांस कसे रागे भरले होते, हे त्यांनी सांगितले. ही हकीकत आम्ही साठीच्या घरात येईपर्यंत कधी ऐकली नव्हती.

भाऊबीजेपर्यंत त्या रोज तेथे बसल्या. आम्ही केले ते इतकेच, की अडॅप्टर मुलांनी कठड्यास बांधला होता तो काढून घरात घेतला. अवेळी सर आली तर नळ्यांस पाणी सोसते, त्यास नव्हे. समोरच्या बिऱ्हाडातून उजेड डोळ्यांवर येतो अशी तक्रार आली, तीही रास्तच होती. त्यामुळे दहाच्या ठोक्यास नळ्या बंद होत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहिनींनी मातोश्रींचा हात आपल्या हातात धरून पहिली पणती त्यांच्याकडून लावविली. हे आधी का केले नाही, असे आम्ही विचारले नाही, कारण हा प्रश्न आम्हांसच विचारता आला असता.

दुकानात टांगलेल्या त्या नळ्या आजही आम्हांस भडकच वाटतात. आमच्या घरी मात्र त्यांस 'स्नोफॉल' कोणी म्हणत नाही. तुळशीचे लग्न झाल्यावर पुतण्या स्टूल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, पागोळ्या उतरवून ठेवू का?" आतून मातोश्रींचा आवाज आला, "राहू दे अजून."