चिठ्ठी आणि बिल

पाचोऱ्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. गिऱ्हाइकाकडे डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की त्याला अपमान वाटतो. "भाऊ, मी काय आज येतोय का तुझ्याकडे?" हे ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. चिठ्ठीची भानगड दुकानदाराची, आपला काय संबंध, असंच बहुतेकांना वाटतं.

बीपीच्या गोळ्यांपुरतं ते बरोबरही आहे. त्या घरात विनाचिठ्ठी सापडल्या म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. १९४० चा औषध कायदा मुख्यतः बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरतो. पण झोपेची अल्प्राझोलम, डायझेपाम किंवा दुखण्यावरची ट्रामाडॉल १९८५ च्या अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस, कायद्यातही येतात. ट्रामाडॉल तर २०१८ पासून. तिथं नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं.

आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त गुरुजी, मुलाकडे सुरतेला निघाले होते. बायकोच्या अल्प्राझोलमच्या स्ट्रिपा पिशवीत सुट्या टाकलेल्या. वाटेत स्टेशनवर बॅगा तपासताना पोलिसांनी त्यांना बाजूला घेतलं. मालेगावात हीच गोळी 'कुत्ता गोळी' म्हणून नशेसाठी विकली जाते, तिथं धाडी पडतात. तेव्हा पोलिसांनी विचारलं यात नवल नाही. गुरुजींनी घाबरून मला फोन लावला आणि सरळ हवालदाराच्या हातात दिला.

सुदैवानं गुरुजी शिस्तीचे. चिठ्ठी आणि बिल पाकिटात घडी घालून ठेवलेलं. बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी जुळला. मी एच-१ चं, म्हणजे अशा औषधांच्या विक्रीच्या नोंदींचं, रजिस्टर उघडून तारीख, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, दिलेल्या गोळ्या असं सगळं वाचून दाखवलं. हे रजिस्टर आम्हाला तीन वर्षं जपावं लागतं. एरवी त्याचा मला कंटाळाच येतो. गुरुजींची गाडी चुकली, पण प्रकरण तिथंच मिटलं.

एनडीपीएस नियमांतल्या ६६ व्या नियमाप्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत बाळगता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. पण उपचारासाठीच आहेत हे दाखवायचं कशानं? चिठ्ठीनंच.

ते दाखवता आलं नाही, तर शिक्षा वजनावर ठरते आणि तो हिशेब अंगावर काटा आणतो. अल्प्राझोलमची 'अल्प मात्रा' ५ ग्रॅमपर्यंत, 'व्यापारी मात्रा' १०० ग्रॅमच्या पुढे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ एप्रिल २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर मिश्रणातल्या इतर पदार्थाचं वजनही धरतात. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी भुकटीसकट १०० मिलिग्रॅम भरली, तर पन्नास गोळ्यांतच ५ ग्रॅम होतात. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी मात्रेला किमान दहा. तिथं जामीनही सहजी मिळत नाही. नशेच्या गोळ्या विकणाऱ्याला हे व्हावंच. शेजारणीच्या आग्रहाखातर तिच्यासाठी स्ट्रिपा घेऊन जाणाऱ्याच्या मात्र हे गावीही नसतं.

म्हणून एवढं करा. स्ट्रिपवर लाल अक्षरात 'एनआरएक्स' ही या कायद्यातल्या औषधांची खूण छापलेली असेल, तर ती गोळी दुसऱ्याकडून उसनी घेऊ नका, देऊ नका आणि प्रवासात चिठ्ठी व बिल तिच्यासोबतच ठेवा.