आठ सेकंदांचा पहारा

रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री ठरावीक वेळाने 'सब ठीक है' अशी हाक देतो. हाक आली नाही, तर गार्ड कमांडर तपासायला निघतो. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबमध्ये पाण्याच्या टाकीचा पंप चालवणारे यंत्र बनवताना मला असाच एक गार्ड कमांडर भेटला. त्याचे नाव वॉचडॉग टायमर.

प्रोग्रॅम मध्येच अडकला, तर पंप चालूच राहणार आणि टाकी वाहणार. वॉचडॉग हे टाळतो. ठरलेल्या मुदतीत प्रोग्रॅमची हाक आली नाही, तर तो चिप पुन्हा सुरू करतो.

आम्ही दर ३० सेकंदांनी पातळी मोजत होतो, म्हणून मला ४० सेकंदांची मुदत हवी होती. पण आर्डुइनो ऊनोचा वॉचडॉग आठ सेकंदांपुढे जाईना. कारण साध्या भागाकारात सापडले. त्याचे स्वतंत्र घड्याळ सेकंदाला सुमारे १,२८,००० ठोके देते आणि तो जास्तीत जास्त १०,४८,५७६ ठोके मोजू शकतो. म्हणजे ८.१९ सेकंद. मोजणीची मर्यादा तीच ठेवून घड्याळ जलद केले, की मुदत आखूड होते. एसटीएम३२एफ१०३ या चिपमधला विंडो वॉचडॉग सेकंदाला ३ कोटी ६० लाख ठोक्यांच्या घड्याळावर चालवला, तर जेमतेम ५८ मिलिसेकंद थांबतो.

एका मित्राने सुचवले, "इंटरप्टमधून दर सेकंदाला आपोआप हाक देऊया." सर म्हणाले, "संत्री झोपला आणि त्याच्या जागी टेपरेकॉर्डर ओरडत राहिला, तर?" खरेच, मुख्य प्रोग्रॅम अडकला तरी इंटरप्ट चालू राहू शकतो. मग आम्ही ३० सेकंदांची विश्रांती एकेका सेकंदात वाटली. आता मुख्य प्रोग्रॅम दर सेकंदाला स्वतः पातळी पाहतो, मगच हाक देतो. चिप पुन्हा सुरू झाली, तर तिची पहिली आज्ञा 'पंप बंद' हीच.

१९९४ साली अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानावर वॉचडॉगची सोय होती, पण ती वापरली गेली नव्हती. ७ मे रोजी संगणक अडकला, थ्रस्टर चालू राहिले आणि इंधन संपले. जिओग्राफोस लघुग्रहाची भेट हुकली.

शेवटी चाचणीसाठी आम्ही प्रोग्रॅम मुद्दाम अडकवला. सगळ्यांनी मोठ्याने आकडे मोजले. नऊ म्हणायच्या आत पंप थांबला. आठ सेकंदांत आमच्या टाकीतून फार तर बादलीभर पाणी सांडेल. चाळीस सेकंदांत किती, हा हिशेब मी आता करत नाही.