कोणासाठी मागायचे?



तपःकालात आजाऱ्यांच्या भेटीला आम्ही दोघेतिघे मिळून जातो. यंदा एका घरी गेलो. तिथल्या मुलीला (मुलगी कसली, छत्तिशीची आहे) दहाव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. त्यातच मूत्रपिंडे गेली. चार वर्षांपूर्वी आईने आपले एक मूत्रपिंड दिले. डायलिसिस सुटले, इन्सुलिन मात्र सुटले नाही. पूर्वी साखर उतरली की घाम फुटायचा, हात कापायचे. आता शरीर इशाराच देत नाही. म्हणून आई रात्री दोनला उठते आणि झोपेतच तिच्या बोटाला सुई टोचून पाहते.

रोजरी झाल्यावर तिने विचारले, "सर, कॅनडात दुसऱ्याच्या पेशी घालतात म्हणे. मिळाव्यात म्हणून प्रार्थना करू?"

"कर की," आम्ही पटकन म्हणालो.

"पण मग कोणीतरी मरावं अशीच प्रार्थना झाली ना ती?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. चहा पिऊन निघालो.

नंतर वाचून काढले. इन्सुलिन तयार करणारे पेशींचे पुंजके स्वादुपिंडात बेटांसारखे विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली त्यांचे वर्णन केले. अख्ख्या स्वादुपिंडात त्यांचा वाटा शेकडा एक-दोन! २००० साली एडमंटन येथे डॉ. जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी मृत दात्यांकडून मिळालेली ही बेटे वेगळी करून सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली. सातही जणांचे इन्सुलिन थांबले. पुढची हकिकतही सांगायला हवी. एका रुग्णाला बहुधा दोन दात्यांची बेटे लागतात, आणि पाच वर्षांनी इन्सुलिनशिवाय राहिलेले दहांत एकच. तरी बहुतेकांच्या शरीरात थोडे इन्सुलिन तयार होत राहिले, आणि जीवघेणी साखर उतरणे कमी झाले. त्या आईची झोप आठवली की हे थोडे वाटत नाही.

परके ऊतक टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. निव्वळ मधुमेहासाठी हा सौदा महागच. पण हिला आईच्या मूत्रपिंडासाठी त्या गोळ्या चालूच आहेत, म्हणून अशा रुग्णांचा विचार वेगळा होतो. यकृतात रक्तस्राव किंवा शिरेत गुठळी होण्याचा धोका राहतोच. आपल्याकडे हा उपचार सर्रास होत नाही, हेही तिला सांगावे लागले.

राहिला तिचा प्रश्न. त्याच वर्षी, २९ ऑगस्ट २००० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे रोममध्ये अवयवरोपण तज्ज्ञांच्या परिषदेत बोलले होते. अवयव देणे ही प्रीतीची कृती. तो विकायचा नाही, दात्याच्या संमतीशिवाय घ्यायचा नाही आणि मृत्यूची खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. हे वाचून आमचा गुंता थोडा सुटला.

पुढच्या शुक्रवारी तिला म्हणालो, "कोणाचं मरण मागू नकोस. ते ज्या घरी यायचं त्या घरी येणारच. त्या घरच्यांना त्या वेळी 'घ्या' म्हणण्याचं बळ मिळावं, एवढं माग. आणि त्यांच्या सांत्वनासाठीही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"सर, तुम्ही भरलाय का तो अवयवदानाचा फॉर्म?"

भरला नव्हता. वीस वर्षे मुलांना शेजारप्रीती शिकवतो आहोत, पण नव्हता भरला. घरी येऊन सौभाग्यवतीपाशी विषय काढला. ती म्हणाली, "आधी जेवा, मग बोलू."