सर्वांत फिका ग्लास आधी

पुण्यातल्या ब्रूपबमध्ये सॅम्पलर मागवला की ट्रेमधून पाच-सहा लहान ग्लास येतात. फिक्या पिवळ्यापासून थेट काळ्या स्टाउटपर्यंत. बहुतेकांचा हात आधी वळतो तो स्टाउटकडे, नाहीतर आंब्याच्या किंवा कोकमाच्या बिअरकडे, कारण ती बाहेर सहसा मिळत नाही. माझा आग्रह उलटा आहे. सगळ्यांत फिकी, सगळ्यांत साधी बिअर आधी घ्यावी आणि बनवणाऱ्याची पारख तिथेच करावी. हलक्याकडून जडाकडे जायचं हा नियम जुनाच आहे. तो जिभेच्या सोयीसाठी आहे: हॉप्सचा कडवटपणा आणि भाजलेल्या बार्लीची चव तोंडात इतकी रेंगाळते की त्यानंतर हलकी बिअर पाण्यासारखी लागते. पण माझं खरं कारण दुसरं आहे. साध्या बिअरमध्ये दोष लपवायला जागाच नसते.

नेहमी आढळणारा एक दोष घ्या. काही बिअरला लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास येतो. तो डायअसेटिल या पदार्थाचा. यीस्ट साखरेची दारू करत असताना एक पूर्वद्रव्य बाहेर टाकतं, त्यातून हळूहळू डायअसेटिल तयार होतं, आणि बिअर यीस्टवर आणखी काही दिवस ठेवली तर यीस्टच ते परत शोषून घेतं. घाई करून टाकी थंड केली की यीस्ट झोपतं आणि लोणी मागे राहतं. ब्रूअरकडे याची सोपी परीक्षा असते. टाकीतून दोन नमुने काढायचे, दोन्ही झाकायचे, एक साधारण 60 अंशांच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचा, मग गार करून दोन्ही हुंगायचे. तापवलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला तर बिअर अजून तयार नाही, मग शनिवारची गर्दी दारात उभी असो. फिक्या बिअरमध्ये ही घाई पहिल्याच घोटात कळते. स्टाउटमध्ये मात्र हाच वास कॉफी-चॉकलेटच्या आड खपून जातो. एक सावधगिरी मात्र हवी: टाकीपासून नळापर्यंतची नळी वेळच्या वेळी धुतली नाही तरी आंबूस, लोण्यासारखा वास येतो. तेव्हा तो ब्रूअरचा दोष नसतो. पण पबचा असतोच.

पुण्यात ही सर्वांत फिकी बिअर म्हणजे बहुधा गव्हाची. 2009मध्ये कोरिंथियन्स हॉटेलच्या आवारात डूलाली सुरू झालं, 2014मध्ये मुंढव्यात इंडिपेन्डन्स ब्रूइंग कंपनी आली, आणि या काळात हेफेवायझन आणि बेल्जियन विट या गव्हाच्या दोन बिअर इथल्या पिणाऱ्यांच्या जिभेवर बसल्या. विटमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. हेफेवायझनमध्ये मात्र ना केळं असतं ना लवंग, तरी दोन्हींचा वास येतो, आणि तो येतो निव्वळ यीस्टमुळे. लवंगेचा वास हवा असेल तर दळलेला मॉल्ट सुरुवातीला पाण्यात 43 ते 45 अंशांवर थोडा वेळ थांबवतात, म्हणजे त्यातलं फेरुलिक आम्ल मोकळं होतं आणि पुढे यीस्ट त्याचा उपयोग करतं. आंबवण्याचं तापमान चढलं की केळं वर येतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये, बाहेर पारा चाळिशीकडे झुकलेला असताना, टाकीभोवतीचं शीतकरण जरा ढिलं पडलं तर ग्लासातून केळ्याच्या गोळीचा वास येतो आणि लवंग हरवते. दोन्ही वास तोलून धरलेली हेफेवायझन समोर आली, तर त्या घरचे बाकीचे ग्लास मी विश्वासाने उचलेन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: माणूस मजेसाठी पबमध्ये जातो, परीक्षा घ्यायला नाही. मान्य, आणि आवडेल ते प्यावं हेही मान्य. पण सॅम्पलर मागवणारा मुळात तुलना करायलाच बसलेला असतो, आणि चार घोट लक्ष देऊन घेतल्याने मजा कमी होत नाही. त्यासाठी दोनच गोष्टी पुरतात. ग्लास टेबलावर आल्यावर पाच-सात मिनिटं तसाच राहू द्यावा. बर्फासारख्या गार बिअरला वास नसतो, आणि चांगल्या-वाईट दोन्ही गोष्टी त्या गारव्याखाली दडतात. आणि मसाला पापड थोडा उशिरा मागवावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाचा 1516चा, बिअरमध्ये फळाला थारा न देणारा शुद्धतेचा नियम आपल्याला कशाला? कोकम, जांभूळ, हापूस हीच इथल्या बिअरची ओळख नाही का? आहे, आणि मला ती मनापासून हवी आहे. मीठ आणि धणे घातलेल्या आंबट जर्मन गोझेत कोकम इतकं चपखल बसतं की ते जर्मनांना सुचलं नाही याचंच नवल वाटावं. पण खालची गोझे स्वच्छ आंबलेली असेल तरच कोकम कोकमासारखं लागतं. फळाने दोष झाकता येतो, दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच मी साधा ग्लास आधी मागतो: फळाची बिअर कमी दर्जाची म्हणून नव्हे, ती नीट समजावी म्हणून.

तिसरी अडचण खुद्द ब्रूअरची आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. फिकेपणाची सर्वांत कठीण परीक्षा म्हणजे लागर, 1842मध्ये पिल्सेन शहरात जन्मलेली पिल्सनर तर विशेषच. ती दहा अंशांच्या आसपास आंबते आणि मग शून्याजवळ कित्येक आठवडे मुरते. हेफेवायझन साधारण दोन आठवड्यांत ग्लासात येते. मोजक्या टाक्या, जागेचं भाडं आणि परवान्याचा खर्च सांभाळणाऱ्या पबने तेवढ्या वेळात टाकी दोनदा-तीनदा भरायची सोडून एकच लागर का सांभाळावी? ती घेणारे ग्राहक असतील तरच. आज लागर म्हटलं की बाटलीतली स्वस्त बिअर आठवते आणि पबमध्ये तिच्यासाठी जास्त पैसे मोजायला लोक कां-कू करतात. फळ्यावर घरची पिल्सनर दिसली तर ती आधी मागवावी, आणि स्वच्छ निघाली तर आतल्या माणसापर्यंत तसा निरोप पोचवावा. पुढच्या वेळी टाकी कशाने भरायची हे ठरवताना त्याला तो उपयोगी पडतो.