बारावीनंतर

झोळी काट्याला अडकवली की पोरगं तंगड्या झाडत भोकाड पसरतं आणि काटा आठ-नऊच्या मध्ये नाचत राहतो. तो थांबेपर्यंत वही घेऊन उभं राहायचं. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर अंगणवाडी सेविका म्हणून हे मी २००४ पासून केलं.

त्याला पगार म्हणायची सोय नाही, मानधन. केंद्राचा वाटा २००८ ला पाचशेनं वाढला, २०११ ला तीन हजार झाला. मी मात्र तिथंच. माझ्यामागून आलेल्या मुली पर्यवेक्षिका होऊन माझी रजिस्टरं तपासायच्या. एकीनं आहाराच्या नोंदीतली चूक काढून सगळ्या आयांसमोर झापलं. चूक माझीच होती, म्हणून जास्त झोंबलं.

दिवाळीनंतर तांड्यावरची बिऱ्हाडं ऊसतोडीला जायची, पाडव्याच्या सुमारास परतायची. परतलेली पोरं उचलून घेतली की हाताला हलकी लागायची. मी तीन वर्षांची वजनं शेजारी शेजारी मांडली, तर दरवर्षी तीच घरं, तीच घसरण. एका प्रशिक्षणात वही उघडून हे सांगितलं. समोरचे साहेब भराभर लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, शिक्षण?"

"बारावी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तो टक् आवाज घरापर्यंत माझ्यासोबत आला. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पदवी लागते हे मला कधीचं ठाऊक होतं. पण ते दुसऱ्या कुणासाठी असावं असंच वाटायचं. २०१५ ला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा बीएचा अर्ज भरला. मालक म्हणाले, "आता तुले पदवी कायले पाह्यजे वं? पोरगी दहावीले हाय." पोरगीच म्हणाली, "आई माझ्यासंगं बसंल."

बसले. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला लोक नाक मुरडतात. त्यांनी एकदा रात्री साडेदहाला, भांडी घासून, अर्थशास्त्र वाचून पाहावं. रविवारी एसटीनं पुसदला तासांना जायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत तेही बुडायचं. इंग्रजीत एकदा गचकले. पदवी हातात आली तेव्हा पोरगी कॉलेजात होती. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेत पहिल्यांदा यादीत नाव नव्हतं. घरात कुणी काही बोललं नाही, मीही नाही. दुसऱ्यांदा होतं.

आता माझ्या बीटमध्ये वीसेक अंगणवाड्या आहेत. गेल्या महिन्यात एका नव्या सेविकेकडे गेले. ती उभीच राहिली, बसेना. एका बाळाच्या दंडाची पट्टी लाल दाखवत होती, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. नोंद बरोबर होती, आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: 'आई पहाटेच वेचणीला जाते, दूध तुटलं.' असं लिहायला रजिस्टरात रकाना नाही.

सही करता करता विचारलं, "बारावीनंतर काय केलंस?"

ती लाजून म्हणाली, "लग्न."

मी पेन उघडंच ठेवलं आणि म्हटलं, "बस आधी."