तांबड्या समुद्राचे दिवस

६ जानेवारी २०२४, बोरी (ता. इंदापूर)
द्राक्षाच्या घडांना कागद लावणं चाललंय, पण बोलणं सगळं जहाजांचं. नोव्हेंबरपासून येमेनचे हूती बंडखोर तांबड्या समुद्रात हल्ले करताहेत. न्हावाशेवाहून युरोपला निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालतात, दहा-बारा दिवस जास्त लागतात, भाडं चढतं. काल नौदलाच्या ‘चेन्नई’ने सोमालियाजवळ ‘लीला नॉरफोक’ या अपहृत जहाजावरचे २१ खलाशी सोडवले, त्यातले १५ भारतीय. हूतींविरुद्धच्या अमेरिकेच्या आघाडीत आपण गेलो नाही, स्वतःची जहाजं मात्र पाठवली. मला हे शहाणपणाचं वाटतं.

९ जानेवारी, बारामती
मुलांशी बोललो. वास्तववादी परराष्ट्र धोरण म्हणजे युद्धखोरी, असा त्यांचा समज. त्यांना सांगितलं, २६ सप्टेंबर २००२ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ३३ अभ्यासकांनी जाहिरात दिली होती: इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. त्यात केनेथ वॉल्ट्झ होते, मिअरशायमर होते, स्टीफन वॉल्ट होते, सगळे वास्तववादी. सहा महिन्यांत युद्ध झालंच. सत्तेचा हिशेब मांडणाऱ्यालाच ती कुठे थकते ते आधी कळतं.

१६ जानेवारी
परराष्ट्रमंत्री जयशंकर काल तेहरानमध्ये होते. भारताजवळच्या समुद्रातल्या हल्ल्यांची चिंता त्यांनी तिथेच मांडली. हूतींच्या पाठीशी इराण आहे, मग बोलायचं त्याच्याशीच.
रात्री रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ काढलं. टोपीकर, म्हणजे युरोपीय, हे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत, हे त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. व्यापार करू द्या, पण समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नका. द्वेष नाही, भाबडेपणाही नाही.

२१ जानेवारी
बारामतीत शरद पवारांच्या साखर आणि शेतीबद्दल सगळे बोलतात, १९९२च्या चीन दौऱ्याबद्दल फारसं कुणी नाही. ते तेव्हा संरक्षणमंत्री होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पंतप्रधान नरसिंह रावांच्या चीन भेटीत सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला. तो बरीच वर्षं टिकला. दोन्हीकडच्या बळातलं अंतर वाढत गेलं, तसा कागद पातळ होत गेला. २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान गेले.

२८ जानेवारी, इंदापूर
परवा हूतींच्या हल्ल्यात ‘मार्लिन लुआंडा’ हे जहाज पेटलं. नौदलाच्या ‘विशाखापट्टणम’च्या नौसैनिकांनी जाऊन आग विझवली. जहाजावर २२ भारतीय होते. अभिमान वाटला.
बाजार समितीत मात्र कांद्याचे ढीग पाहवत नव्हते. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आहे. शहरातला भाव आवरायला शेतकऱ्याचं गिऱ्हाईक तोडलं, आणि बांगलादेशासारख्या शेजाऱ्याचा भरवसाही. राष्ट्रहिताची मांडणी करणाऱ्या तज्ज्ञांना मला हेच विचारायचं आहे: त्या हितात कांदा पिकवणारा कुठे बसतो? शेजाऱ्याशी रोजच्या व्यवहारातून पत तयार होते, तीही बळच आहे. बंदीची मुदत ३१ मार्चपर्यंत. तोवर ढाक्याचा व्यापारी दुसऱ्या देशाचा कांदा घेऊ लागला असेल, आणि त्याला परत वळवायला भाव पाडून द्यावा लागेल तो इथल्याच शेतकऱ्याला.