सॉगसचा लोहार

जोसेफ जेंक्स! सध्या हे नाव माझ्या डोक्यातून हलतच नाही. सुनेच्या आजोळच्या वंशावळीत सगळ्यात जुन्या टोकाला ते सापडलं. जन्म लंडनचा, 1599 च्या सुमाराचा, मृत्यू 1683 चा, मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि धंदा लोहाराचा. म्हणजे माझी नात एका इंग्रज लोहाराच्या वंशातली! राजेरजवाड्यांचा माग काढता येतो, पण ऐरणीपाशी उभं राहून जन्म घालवलेल्या माणसाचा कुठे सापडायचा, असं मला वाटत होतं. आणि तो सापडला, ढीगभर सापडला, कारण हा माणूस गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच. नवं काही सुचलं की अर्ज करायचा, आणि वसाहतीच्या दप्तरात ते अर्ज नोंदले गेले.

इंग्लंडमध्ये तो तलवारी करायचा. लंडनजवळ हाउन्स्लोला पहिल्या चार्ल्स राजाच्या काळात जर्मनीच्या सोलिंगेनहून आलेले तलवार-कारागीर काम करत होते, त्यांच्यात हा होता. पहिली बायको गेली, लहान मुलगा मागे राहिला आणि हा समुद्र ओलांडून न्यू इंग्लंडला आला. तलवारीच्या पात्याला नेमकं पाणी देता येणारा हात जंगल तोडून शेतं काढणाऱ्या वसाहतीत उतरला! तिथे लोकांना हवे होते खिळे, कुऱ्हाडी, विळे.

बॉस्टनच्या उत्तरेला सॉगस नदीच्या काठी 1646 च्या सुमाराला लोखंडाचा कारखाना उभा राहिला. जॉन विन्थ्रॉप ज्युनियर याने इंग्लंडमधून भांडवल गोळा केलं होतं आणि कारखान्याचा व्यवस्थापक रिचर्ड लीडर याने ही जागा निवडली. या ठिकाणाचं नाव होतं हॅमरस्मिथ. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि मी ते डोळे भरून पाहिलं. दलदलीतून काढलेलं लोहखनिज, जंगल तोडून भाजलेला लोणारी कोळसा आणि नहांटच्या किनाऱ्यावरून आणलेला गॅब्रो दगड हे सगळं भट्टीच्या तोंडातून वरून ओतायचं. पाणचाकावर चालणारे प्रचंड भाते खालून वारा घालायचे. भट्टी फोडली की वितळलेलं बीड वाळूतल्या चरांत धावायचं. मग फोर्जमध्ये ते पुन्हा तापवून, सुमारे 500 पौंडांच्या घणाखाली कुटून त्याचं घडीव लोखंड करायचं. हा घणाचा लोखंडी माथा जमिनीखाली तसाच सापडला! 1948 पासून रोलंड रॉबिन्स याने इथे उत्खनन केलं. ओल्या मातीत हवा पोचली नाही म्हणून जुन्या पाणचाकाचं लाकूडसुद्धा टिकलं होतं. सतराव्या शतकातलं लाकूड! काचेपलीकडच्या त्या फळ्यांसमोरून माझा पाय निघेना. डनबारच्या लढाईत 1650 साली पकडलेले स्कॉटिश कैदीही या कारखान्यात राबायला आणले होते, हे तिथेच कळलं. त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवं.

आणि जेंक्सची जागा कुठे? भट्टीच्या अगदी खाली! भात्यांचं चाक फिरवून पुढे निघालेलं पाणी त्याने आपल्या कामासाठी वळवून घेतलं, आणि तसा करार त्याने 1648 च्या जानेवारीत लीडरशी केला. एकदा राबलेल्या पाण्याला पुन्हा कामाला लावायचं, ही त्याची बुद्धी! त्याआधीच, 1646 च्या मे महिन्यात, मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाने, त्याला विळे आणि धारेची इतर हत्यारं करणाऱ्या पाणचक्क्यांच्या यंत्रांसाठी आणि लाकूड कापायच्या नव्या करवत-गिरणीसाठी 14 वर्षांचा हक्क दिला होता. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणी तसली यंत्रं उभारायची नाहीत. अमेरिकेच्या भूमीवर यंत्रांसाठी दिलेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी हे एक, आणि ते एका लोहाराच्या नावावर!

पण मला खरी भुरळ घातली ती विळ्याने. लांब दांड्याचा, उभ्याने गवत कापायचा विळा. इंग्लंडहून येणारं त्याचं पातं आखूड आणि जाड असायचं. न्यू इंग्लंडचा हिवाळा लांब, गुरांना महिनोन्‌महिने वाळल्या गवतावर काढायचे, आणि सॉगसच्या आसपासची खारी कुरणं तर मैलोन्‌मैल. आखूड पात्याने ती कधी कापून व्हायची? जेंक्सने पातं लांब आणि पातळ केलं. पातळ पातं वाकणार, म्हणून त्याच्या पाठीवर लोखंडाची चौकोनी पट्टी जोडली. पातं हलकं आणि तरीही ताठ, एका फेऱ्यात जास्त गवत! 1655 साली त्याला यासाठी 7 वर्षांचं पेटंट मिळालं. हे वाचताना मी सुनेला हाकच मारली, "अगं, इकडे ये, तुझ्या खापरपणजोबांचं डोकं बघ!" तलवारीचं पातं पातळ करून ताठ राखायची विद्या त्याने गवताच्या विळ्यात आणली, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय 1654 साली बॉस्टनच्या कारभाऱ्यांनी आगीच्या वेळी पाणी वाहून नेणाऱ्या यंत्रांसाठी याच्याशीच बोलणी करायचं ठरवलं. वय सत्तरीला टेकलं तरी, 1667 मध्ये, तो तार ओढायच्या धंद्यासाठी कोर्टाकडे पैसे मागत होता. कोर्टाने दिले नाहीत. कारखानाही मालकांची कर्जं आणि खटले यांत रुतून 1670 च्या सुमाराला थंडावला. जेंक्स मात्र शेवटपर्यंत सॉगसच्याच काठी राहिला.

मागे राहिलेला मुलगाही, दुसरा जोसेफ, पुढे इथे आला, बापाच्या हाताखाली शिकला आणि 1671 साली ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेटच्या धबधब्यापाशी त्याने स्वतःची भट्टी घातली. 1676 मध्ये, वांपानोआग प्रमुख मेटाकॉम याने इंग्रजांविरुद्ध पुकारलेल्या युद्धात, ती जळाली. ज्यांची जमीन हातची जात होती त्यांचा तो राग होता, आणि हे मला नातीलाही सांगायचंय. मुलाने भट्टी पुन्हा उभी केली. नातू, तिसरा जोसेफ, 1727 ते 1732 ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर होता! आणि त्याच धबधब्याच्या पाण्यावर 1793 मध्ये सॅम्युअल स्लेटरची सूतगिरणी फिरू लागली. त्या गावात लोखंडकामाचे जाणते हात पिढ्यान्‌पिढ्या नसते, तर गिरणीची यंत्रं कुणी घडवली असती? स्लेटरची गिरणी अजून उभी आहे. आता पॉटकेटला जायचंय, आणि नातीला बरोबर न्यायचंय.